खुर्चीचा खेळ

मी मालकांना शिकवते. कारखाना कसा चालवायचा हे नव्हे. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं असं त्यांचं ठाम मत आहे. कामगाराला कामावरून कधी काढता येतं, कधी येत नाही, कोणाला कुठलं काम देता येत नाही, कुठल्या वाक्यामुळे कोर्टाची पायरी चढावी लागते, हे मी शिकवते. कामगार खात्याच्या नियमामुळे वर्षातून एकदा त्यांना माझ्यासमोर बसावंच लागतं, म्हणून बसतात. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे बसतात, पाय लांब करून, चहाची वाट बघत.

मी त्यांना नावाने हाक मारत नाही, धंद्याने मारते. बेकरीवाले, छापखानेवाले, गादीवाले. त्यामुळे वर्ग जरा सैल होतो आणि नावं पाठ करायची माझी कटकट वाचते. वर्गात शिरताना सगळ्यांनी फोन दाराजवळच्या टोपलीत टाकायचे आणि चहाच्या सुट्टीतच परत घ्यायचे, हा माझा नियम. माझा फोनही त्याच टोपलीत असतो.

त्या दिवशी दुसऱ्या रांगेत काचवाले होते. औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याचे मालक. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, हातात भारीतलं पेन. एरवी ते मॅनेजरला पाठवायचे, या वेळी स्वतः आले होते. त्यांच्या कारखान्यात माझी धाकटी बहीण कामाला आहे, आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

धाकटीने मला आदल्या संध्याकाळीच बजावलं होतं.

"ताई, उद्या आमचे साहेब येणारेत तुझ्याकडे. तू मला ओळखत नाहीस."

"का गं, लाज वाटते का माझी?"

"चेष्टा नको. आणि ते तर मुळीच तोंडातून काढू नकोस. माझी शपथ आहे तुला."

ते म्हणजे तिच्या पोटातलं बाळ. याआधी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी ती पेट्यांवर होती. बाटल्यांनी भरलेल्या पेट्या उचलून ट्रॉलीवर चढवायच्या आणि ट्रॉली ढकलत गोदामापर्यंत न्यायची. एका दुपारी ट्रॉली ढकलता ढकलता ती मटकन खाली बसली. दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. ती रडली नाही. "मी उगाच सगळ्यांना सांगत सुटले," एवढंच म्हणाली. सांगितलं म्हणून गेलं, हे तिने मनाशी पक्कं धरलं ते धरलंच.

म्हणून या वेळी तिचा नवरा आणि मी सोडून कुणाला पत्ता नव्हता, आईलासुद्धा नाही. आता ती तपासणीवर होती. उजेडाच्या पडद्यासमोर दिवसभर उभं राहायचं, समोरून बाटल्या सरकत जातात, तडा गेलेली दिसली की उचलून बाजूला ठेवायची. पाय भरून येतात, पण ओझं नाही. ऑफिसात सांगून टाक म्हणून मी तिच्या मागे किती लागले होते! "पोट दिसायला लागलं की सांगेन," हे तिचं ठरलेलं उत्तर. जगाला कायदा शिकवणारी मी, धाकटीपुढे माझं काही म्हणजे काही चालत नाही.

सकाळच्या तासाला गरोदर बायकांचा विषय निघाला. तो दर वेळी निघतोच. त्यांना काढता येत नाही, जड काम देता येत नाही, बाळंतपणाची सुट्टी द्यावी लागते आणि त्यांची जागा राखून ठेवावी लागते, हे मी सांगितलं. बेकरीवाले वर्गातले सगळ्यात वयस्कर, जिभेने सगळ्यात तरुण. ते म्हणाले, "आम्हाला कळायचं कसं मॅडम? पोटांकडे बघत बसलो तर तुम्ही दुसऱ्या कलमाखाली आत टाकाल."

हशा पिकला. मग मी माझा ठेवणीतला विनोद काढला.

"तिने सांगितलं, की तेव्हापासून तुमची जबाबदारी. जे तुम्हाला सांगितलंच नाही ते तुम्ही ओळखायला हवं होतं, असं कायदा म्हणत नाही. त्या बाबतीत कायदा तुमच्या बायकोपेक्षा मवाळ आहे."

हा विनोद कधी फुकट जात नाही. वर्ग पोट धरून हसतो आणि त्या क्षणापासून माझा होतो. त्यानंतरचं वाक्य मी नेहमी त्या हशातच बोलून टाकते. सांगणं लेखीच लागतं असं नाही. बाईने स्वतः किंवा तिच्या वतीने घरच्या माणसाने साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलं तरी पुरतं. ते कुणाच्या कानापर्यंत जात नाही. जमलेला रंग कशाला घालवा, म्हणून मीही ते परत सांगत नाही.

काचवाले हसले नव्हते. त्यांचं पेन चालू होतं. हशा ओसरल्यावर त्यांनी हात वर केला.

"मॅडम, समजा एका बाईबद्दल नुसता संशय आहे. सारखी बाथरूमला जाते, उलट्या करते असं सुपरवायझर म्हणते. पण तिने सांगितलेलं नाही. मग मला माहीत आहे, की माहीत नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते आणि उत्तर एकच होतं.

"कायद्याच्या दृष्टीने," मी म्हणाले, "माहीत नाही."

"आणि तिचं काम बदलायचं झालं तर?"

"कामाची गरज असेल तर तो तुमचा अधिकार आहे."

"थँक्यू मॅडम. फार स्पष्ट शिकवता तुम्ही."

मी फळ्याकडे वळले आणि उगाचच काहीतरी पुसत राहिले. त्यांच्या कारखान्यात बायका काय कमी आहेत, दुसरी कुणी असेल, असं मी स्वतःला समजावत होते. ते मला पटत नव्हतं.

चहाच्या सुट्टीत काचवाल्यांनी टोपलीतून फोन उचलला आणि ते खिडकीशी गेले. मी चहाच्या टेबलापाशी पाठमोरी उभी राहिले.

"हो, तीच. तपासणीवरची, डाव्या टोकाची. चहाची सुट्टी संपली की पेट्यांवर टाक तिला. नाही नाही, काढायचं नाही, मला भानगड नको. झेपलं नाही की जाईल आपली आपण."

आवाजात राग नाही, काही नाही. कपाट या भिंतीचं त्या भिंतीला सरकवायला सांगावं, तसं. डाव्या टोकाला धाकटीच उभी असते. फोन ठेवून ते वळले, मला बघून चक्क हसले.

"बघा मॅडम, तुमचं लगेच अमलात आणलं."

मी फोन घेऊन जिन्यात गेले. धाकटीचा फोन बंद. गेटवरच कुलपात ठेवून घेतात. गेटवर लावला. वॉचमन म्हणाला, "कामगाराला फोनवर बोलवता येत नाही. कुणी वारलंय का?"

"नाही हो!"

"मग सुट्टी झाल्यावर करा."

मेहुण्यांना लावला. ते बस चालवतात. स्टिअरिंगवर असताना फोन घेत नाहीत. रिंग वाजून वाजून थांबली. आमचा हॉल गावाच्या या टोकाला, कारखाना त्या टोकाला. रिक्षा केली असती तरी मी पोचेपर्यंत तिने निम्म्या पेट्या चढवल्या असत्या. आणि ती तोंडाला कुलूप लावून चढवणार, हे मला पक्कं माहीत होतं. ती नाही म्हणणार नाही. का नाही, हे सांगावं लागेल ना!

काचवाल्यांना बाजूला घेऊन सांगावं, असं आधी मनात आलं. पण आमच्या दोघांतच बोलणं झालं असतं, तर "मला कुणी काही सांगितलंच नाही" म्हणायला ते मोकळे होते. ही वाट त्यांना मीच दाखवली होती, तीही हसवून. सांगायचं तर सगळ्यांदेखत सांगायला हवं. आणि शपथेचं काय? शपथ-बिपथ मी मानत नाही, पण तेव्हा जिन्याचा कठडा धरून मी तीच आठवत उभी होते. मी सांगितलं आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर धाकटी जन्मभर माझ्याकडे त्या नजरेने बघेल. सांगितलंस म्हणून गेलं, ताई.

सुट्टी संपली. फोन पुन्हा टोपलीत गेले. जेवणानंतर घ्यायचा खुर्चीचा खेळ मी तेव्हाच घेतला.

खेळ सोपा आहे. पुढे समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत मालक, एकीत कामगार झालेला दुसरा कुणी. मालकाने आपल्याकडची खरी अडचण आणायची, उद्या जे बोलणार ते आज इथे बोलून बघायचं, आणि कुठलं वाक्य महागात पडेल ते बाकीच्यांनी ओरडून सांगायचं.

"काचवाले, तुम्ही या," मी म्हणाले. "कामगार आज मीच होणार."

ते खुशीत आले. खुर्चीत बसले, शर्टाची बाही सारखी केली. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि पदर मांडीवर ओढून घेतला.

"बाई," ते म्हणाले, "आजपासून तुम्हाला पेट्यांच्या विभागात जायचंय. तुमच्यावर राग नाही. कामाची गरज आहे." मग वर्गाकडे वळून, "काही चूक?"

"काही नाही!" गादीवाले म्हणाले.

"एकदम सभ्य," बेकरीवाल्यांनी पुस्ती जोडली.

आता माझी पाळी होती. दारावरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी बघितलं.

"साहेब, मला ओझं उचलता येणार नाही. मला दिवस गेलेत."

वर्ग खदखदून हसला. "अडकले, अडकले!" कुणीतरी ओरडलं. काचवालेही हसले.

"छान. खेळात ठीक आहे मॅडम. पण आमची बाई काही बोललेली नाही."

"खेळ संपला," मी म्हणाले आणि उठले. "तुमच्या तपासणीवर डाव्या टोकाला उभी असते ती माझी सख्खी बहीण आहे. ती गरोदर आहे. तिच्या वतीने, घरची माणूस म्हणून, या सगळ्यांसमोर मी तुम्हाला सांगतेय. आता तुम्हाला माहीत आहे."

हसू कुणाच्या ओठांवरून लगेच गेलं, कुणाच्या रेंगाळलं.

"असं कुणीही सांगितलेलं चालत नाही," काचवाले म्हणाले.

"चालतं. सकाळी सांगितलं मी. तेव्हा सगळे हसत होतात."

ते सावकाश उभे राहिले. आवाज अजून मऊच होता आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "तुम्ही माझा फोन चोरून ऐकलात. मी वर तक्रार केली तर तुम्ही पुन्हा कुठल्या वर्गात उभ्या राहणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय. खुशाल करा. आधी कारखान्यात फोन लावा."

ते हलले नाहीत. मी रडायच्या बेतात होते, आणि रडले असते तर सगळंच हातचं गेलं असतं. तेवढ्यात बेकरीवाले उठले. दारापाशी गेले, टोपली उचलून आणली आणि काचवाल्यांपुढे धरली.

"मी ऐकलंय," ते म्हणाले. "साक्षीला लागलो तर बोलवा. लावा हो फोन, मोठ्या आवाजावर लावा. तिकडचीही सुट्टी संपली असेल."

काचवाल्यांनी एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि फोन लावला. पलीकडे यंत्रांचा खडखडाट, त्यातून सुपरवायझरचा आवाज.

"हां साहेब, तुम्ही म्हणालात तसं केलं. ट्रॉलीवर आहे ती. पहिली खेप भरतेय."

मी टेबलाची कड घट्ट धरली.

"थांबव तिला," काचवाले म्हणाले.

"अं? काय म्हणालात?"

"पेटी खाली ठेवायला सांग! बसव तिला."

"कुठे बसवू साहेब? इथे बायकांना खुर्ची कुठाय?"

वर्गातलं कुणी हसलं नाही. काचवाल्यांची मान लाल झाली. "माझ्या केबिनमधली आण. आणि तिला फोन दे."

सुपरवायझर तिला हाका मारत गेली. मग धाप लागलेला, घाबरलेला, माझ्या ओळखीचा आवाज.

"साहेब, माझं काही चुकलं का?"

"मी आहे गं," मी म्हणाले.

तिचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

"ताई, सांगितलंस?"

"सांगितलं."

तेवढ्यात फोनमधून चाकं घरंगळल्याचा आवाज आला. मला वाटलं ट्रॉलीच. मग सुपरवायझर लांबून म्हणाली, "घे बाई, साहेबांची आहे, बस," आणि मला कळलं, खुर्चीची चाकं होती.

"सगळे बघतायत माझ्याकडे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आता सगळ्यांना कळलं, ताई. या वेळी राहील ना गं?"

मालकांच्या कुठल्याही प्रश्नाला मी अडत नाही. तेव्हा मात्र सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, काचवालेसुद्धा.

"तू आधी बस," मी म्हणाले.