कट्ट्यावरची अर्धी उत्तरं

पाणीपुरवठा खात्याच्या तळघरात नकाशांची खोली आहे आणि तिथे मी सत्तावीस वर्षं बसते आहे. शहरातला कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, कुठल्या नकाशावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला तोंडपाठ. त्यामुळे सकाळपासून माझ्याकडे माणसांची रीघ असायची. फिटर, प्लंबर, कधीमधी घाम पुसत एखादा इंजिनियर. मी कुणालाही लगेच उत्तर देत नसे. आधी बस, चहा घे, बायकोच्या गुडघ्याचं काय झालं ते सांग. मग नकाशा उलगडायचा. खरी मेख तर अगदी शेवटी, माणूस दाराशी जाऊन "अजून काही?" म्हणाला की. लोक म्हणायचे, बाई भाव खातात. खात होते. घरी मला भाव द्यायला कोण होतं? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली आणि लेक रविवारी वीस मिनिटं फोनवर भेटते, त्यातली दहा नेटवर्क शोधण्यात जातात.

मग नवे साहेब आले आणि त्यांनी 'कट्टा' आणला. खात्यातल्या सगळ्यांसाठी फोनवरची जागा. आपला फोटो लावायचा, प्रश्न टाकायचा, ज्याला येतं त्याने उत्तर द्यायचं, पटलं तर अंगठा. साहेब सभेत म्हणाले, "माहिती एका खोलीत कोंडून राहता कामा नये." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मी हुरळून गेले. एकेका उत्तराला तीस-तीस अंगठे. माझ्या फोटोखाली सोनेरी चांदणी आली. ती लेकीला पाठवली, तर तिनेही अंगठाच पाठवला.

तिसऱ्या महिन्यात एकदा घसा खाकरला आणि लक्षात आलं, सोमवारपासून आपण ऑफिसात तोंडाने एक शब्द बोललेलो नाही. तेव्हा गुरुवार होता.

आमचे लाइनवरचे जुने मिस्त्रीसुद्धा यायचे थांबले. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो. चहात बिस्कीट पाडायचं आणि मग ते चमच्याने शोधत बसायचं, हा त्यांचा सव्वादहाचा उद्योग, आणि त्यांची टर उडवणं हा माझा. बाकीचे गेले त्याचं वाईट वाटलं. मिस्त्री गेले त्याचा राग आला. इतक्या वर्षांनंतर माणूस अंगठ्यावर भागवतो म्हणजे काय?

म्हणून मी उत्तरं अर्धी लिहायला लागले. मेख तेवढी मागे ठेवायची. अडलं की येतील झक मारत, असा हिशेब. कुणी आलं नाही. लोक आपापलं निभावून न्यायला लागले.

एका मंगळवारी मिस्त्रींचा प्रश्न आला. "गिरणीमागच्या गल्लीत लाइन फुटलीय. व्हॉल्व्ह कुठे?" मी लिहिलं, "कोपऱ्यावरच्या खांबापासून नऊ पावलं, डांबराखाली झाकण." त्या गल्लीतले व्हॉल्व्ह उलट्या दिशेने बंद होतात, हे लिहिलं नाही. ऑफिस तिथून पाच मिनिटांवर. व्हॉल्व्ह फिरेना की येतील, म्हटलं. कप विसळून ठेवले. केसही विंचरले, आता लपवून काय उपयोग.

मिस्त्री आले नाहीत. व्हॉल्व्ह अडकलाय असं समजून त्यांनी व्हॉल्व्ह फिरवायच्या चावीला लांब पाइप लावला आणि सगळा भार टाकला. चावी सटकली, हात मनगटात मोडला. मला हे कळलं तेही कट्ट्यावर. दवाखान्यातून त्यांनीच लिहिलं होतं, "माझी घाई नडली. व्हॉल्व्ह उलटा होता, मी ओळखायला हवं होतं."

मी खाली लिहिलं, "उलटा आहे हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहिलं नाही. चूक माझी." आणि वाट बघत बसले. कुणीतरी खाली येऊन झापेल, निदान साहेब तरी. पाच वाजेपर्यंत बावीस अंगठे जमले. एकाने 'प्रांजळपणाला सलाम' लिहिलं. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं नाही.

संध्याकाळी मी मिस्त्रींच्या घरी गेले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि आत घेतलं. ते प्लास्टर मांडीवर ठेवून बसले होते.

"वाचलं मी," ते म्हणाले. "असं का केलंत, बाई?"

"तुम्ही याल म्हणून."

"कशाला?"

"बसायला."

त्यांनी प्लास्टर मांडीवर नीट सरकवून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"आलो होतो की," ते हळूच म्हणाले. "तीनदा आलो. दरवेळी तुम्ही फोनात मान घालून लिहीत होतात. चेहरा इतका खूश होता की म्हटलं, सुटल्या बाई आपल्या कटकटीतून. दारातूनच परत फिरलो."

"हाक नाही मारलीत?"

"तुम्ही तरी कुठे मारलीत?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बघितलं आणि मान वळवली.

"आता या," मी म्हटलं.

"आता कसला येतोय, बाई. दीड महिना हे प्लास्टर, आणि पुढच्याच महिन्यात निवृत्ती. मुलाने त्याच्या नोकरीच्या गावी घर घेतलंय, सामान बांधायला सुरुवातही झालीय."

मी बरं म्हटलं. त्या कट्ट्यावर मी सहाशेच्या वर उत्तरं लिहिली होती. 'या' एवढंच लिहायची मला लाज वाटली होती.