कंदाचे नाव

पाचाडच्या राहीबाईने काविळीचा कंद दाखवण्याआधी एकच अट घातली होती. "नाव इचारायचं नाय, बाई. मी पन घेत नाय. नाव घेतलं का गुण जातो."

महाडच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या चारुशीलाबाईंनी मान डोलावली. नावावाचून वस्तू अस्तित्वातच नसते असे मानणारे ते शास्त्र; पण अट मोडण्याचा त्यांचा इरादा नव्हता. झऱ्यावरच्या कपारीत राहीबाईने एक कंद उकरला, त्याची पिल्ले पुन्हा मातीत दाबली. गुण खरेच येतो का, असे विचारल्यावर म्हणाली, "कोनाला येतो, कोनाला नाय. माज्या हातात हाय काय?"

साल दोन हजार चार. एसटी स्थानकासमोरच्या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या आडोशाला बसून चारुशीलाबाई वनस्पतितज्ज्ञांच्या ई-मेल गटावर प्रश्न विचारीत, आणि ज्यांचे ग्रंथ महाविद्यालयाच्या कपाटापर्यंत कधी पोहोचले नाहीत, ती माणसे उत्तरे देत. आयुष्यात प्रथमच कोणी त्यांना बरोबरीचे मानले होते. कंदाची छायाचित्रे त्यांनी तिथेच टाकली. खाली लिहिले: स्थानिक नाव अज्ञात, उपयोग काविळीवर. आणि अभ्यासकाला शोभेल अशा काटेकोरपणे गाव, झरा, कपारीची दिशा. राहीबाईला दिलेला शब्द त्यांनी तंतोतंत पाळला होता.

नाव लवकरच आले. लॅटिन, भारदस्त, सोबत अभिनंदन, कारण ही जात नामशेष झाल्याचे विद्वानांनी कधीच ठरवून टाकले होते. प्राचार्यांनी पेढे मागितले. गटाचे दार सर्वांना उघडे होते, ज्ञानाचे असावे तसेच, मुळ्या-कंदांच्या व्यापाऱ्यांनाही.

दिवाळीनंतर चारुशीलाबाई राहीबाईसाठी लुगडे घेऊन पाचाडला गेल्या. आधी कपारीकडे वळल्या. तिथे कुदळीचे खड्डे होते, बाकी काही नव्हते. खाली चहाच्या टपरीवर राहीबाईचा पुतण्या प्रवीण बसला होता, मुंबईची नोकरी सुटून परतलेला.

"मॅडम, आपला माल फेमस केलात. शेठ तुमचाच कागद छापून घेऊन आला. पोती भरून दिली आम्ही."

"पिल्लं तरी ठेवायची, प्रवीण."

"मी नाय काढली तर दुसरा काढनार. आनि लपवायचं काय आता? दुनियेला पत्ता तुम्हीच दिलात ना."

राहीबाई ओटीवर वाल सोलत होती. समोर दासगावहून आलेला एक माणूस बसला होता. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"मी आता देत नाय," ती त्याला सांगत होती. "महाडला डाक्टरकडे जा, रे."

"तिकडूनच आलोय, आते. गुण नाय."

"मग या बाईंना इचार. त्यांना नाव ठाव हाय."

माणसाने आशेने वळून पाहिले. नाव चारुशीलाबाईंना पाठ होते. वर्गात त्या ते अचूक उच्चारून दाखवीत. त्यांनी लुगड्याची पिशवी ओटीच्या कडेला ठेवली. राहीबाईने ती पायाने अंगणात सारली आणि पुढची शेंग उचलली.