गळलेली अक्षरं

सुनेने संगणकाचं बटण पुन्हा दाबलं. पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि मध्येच थांबल्या.

"मेला का गं?" सासऱ्यांनी दारातूनच विचारलं.

"नाही बाबा. उठतोय, पण घरातल्या माणसांना ओळखत नाहीये."

सासरे मुद्रितशोधक. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका वेचण्यात गेला, आणि निवृत्तीनंतरही एका प्रकाशकाची प्रुफं ते घरी तपासत. पण गेल्या पुस्तकात पहिल्याच पानावर लेखकाचं आडनाव चुकलं. प्रकाशकाने ब्र काढला नाही. मुलाने मात्र मनावर घेतलं. "नजर गेली बाबांची. संगणक चालू झाला की प्रकाशकाला कळवून टाकतो, आता पुरे म्हणून," असं तो सकाळीच बायकोला म्हणाला होता. भिंती काही जाड नव्हत्या. सासऱ्यांनी सगळं ऐकलं होतं.

संगणक दुरुस्ती हा सुनेचा पोटापाण्याचा धंदा. पेनड्राइव्हवरून दुसरीच सिस्टिम चालू करून ती आतल्या फायली बघायला लागली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला.

"बाबा, तुम्ही इथे काही केलंत?"

"काही नाही. एक चूक दुरुस्त केली."

"कसली?"

"पासवर्ड हा शब्द. इंग्रजीत लिहिताना मधली दोन अक्षरं खाल्ली होती बघ. छापखान्यात असं सुटलं असतं, तर मालकांनी आमची बिनपाण्याने केली असती."

सुनेने हसू दाबलं.

"अहो, त्या फायलीचं नावच तसं आहे. संगणक तिला त्याच नावाने शोधतो."

"म्हणजे चूक तीच बरोबर?"

"हो."

"कमाल आहे बुवा लोकांची!" ते म्हणाले खरे, पण आवाजात दम नव्हता.

तिने दोन अक्षरं पुसली. संगणक मुकाट चालू झाला. तेवढ्यात मुलगा आत आला.

"काय करून ठेवलं होतं यांनी?"

"काही नाही रे, सिस्टिमच बिघडली होती," सून घाईघाईने म्हणाली.

सासऱ्यांना ते सोसवलं नाही. "खोटं आहे. मी बिघडवली," म्हणाले, आणि सगळं सांगून मोकळे झाले. "आता कळवायचं तर खुशाल कळव."

मुलाने पडद्याजवळ वाकून पाहिलं. मुंगीएवढ्या अक्षरांत फायलींची नावं पार खालपर्यंत गेली होती.

"एवढ्यातून हे एक तुम्हाला दिसलं?"

"दिसलं म्हणजे? डोळ्यांत खुपलं."

"चष्म्याशिवाय?"

"चष्मा लावून. उगाच थापा कशाला मारू?"

मुलगा खुर्ची ओढून शेजारी बसला.

"मग त्या आडनावाचं काय झालं होतं?"

सासरे चपापले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती तारा गुंडाळत होती.

"ते पान दवाखान्यात तपासलं," ते म्हणाले. "तुला ऑपरेशनला आत नेलं होतं तेव्हा."