आठ हाडांचं बोट

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. सार्डिन मासळीच्या कारखान्यातल्या बाया डोक्यावरच्या पांढऱ्या टोप्यांसकट गुडघे टेकून बसलेल्या. मधोमध काचेच्या पेटीत हाताचा सांगाडा.

"बघा, बघा!" फिरता धर्मोपदेशक ब्रदर गोलवेन गरजला. "बुडालेल्या संताचा हात! तुमच्या बोटाला हाडं तीन, ह्याला आठ! तुमच्या प्रार्थनेनं वाढतं हे बोट. ह्याचं तीर्थ लावा, जखम गायब!"

वाढत होती ती ह्याची जीभ!

रांगेत माझी जुनी विद्यार्थिनी रोझेन उभी होती. जाळी विणून पोट भरणारी पोर. तळव्यात गळ घुसून हात मनगटापर्यंत सुजला होता. "आज पू काढला नाही तर बोटं जातील, मग हातही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तिचा बाप आलार तिला इथे घेऊन आलेला!

"आलार, आधी डॉक्टरांकडे न्या हो तिला!"

"बाई, तुमच्या सरकारी शाळेत देव नाही, म्हणून आम्हीही सोडायचा का?"

तो दिवस असाच फुकट गेला. मी नुसती चरफडत राहिले.

दुसऱ्या सकाळी रोझेन पुन्हा रांगेतच होती, तेवढ्यात आलारच्याच होडीनं जाळं फाडणारा डॉल्फिन मारून आणला. मी सुरी मागितली आणि पेटीसमोरच त्याचा बाजूचा पंख उभा चिरला. कातडी नि चरबीखाली दंड, मनगट, पाच बोटं!

"अगंबाई, ह्याला हात आहे!" एक बाई किंचाळली.

मग मी एका मोठ्या माशाचा पंख चिरला. आत नुसते बारीक काटे.

"दोघं पोहतात, म्हणून पंखाचा आकार वरून सारखा. पण डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवर चालायचे, आपल्याच गोतातले. म्हणून आतली मांडणी आपल्या हातासारखी. लाखो वर्षांत, पिढ्यानपिढ्या पोहता पोहता बोटांत हाडं तेवढी वाढली."

"म्हणजे हा जाळीफाड्या आमचा चुलतभाऊ?" आलार म्हणाला. सगळे खो खो हसले. "त्यापेक्षा संत परवडला!"

माझं डोकंच फिरलं. "हसू नका, मोजा!"

त्यानं डॉल्फिनचं लांब बोट मोजलं. आठ. पेटीतलं मोजलं. आठ. "संताचा कुठला, हा तर डॉल्फिनचाच हात!" तो ओरडला. रोझेनला उचलून तो दवाखान्याकडे धावला. गोलवेननं पेटी काखोटीला मारून पळ काढला.

हात वाचला. दोन बोटं गेली.

"बाई," आलार रडत म्हणाला, "कालच का नाही कापून दाखवलंत?"

"मी? तीस वर्षं तुम्ही हे डॉल्फिन मारताय, कमरेला रोज सुरी असते. एकदा तरी आत बघितलंत?"

गोलवेन आता पलीकडच्या बंदरात आहे. तिथेही रांग लागलीय म्हणे, आणि तिथेही प्रत्येकाकडे सुरी आहे. अहो, गुडघे टेकायच्या आधी एकदा कापून बघा, मोजून बघा. रोझेनची बोटं काही परत वाढणार नाहीत.