आईची खोली, दहा बाय बारा

घर बांधायला काढलं की नवराबायको एकमेकांना नव्यानं कळतात, असं आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या. मला नवरा आधीच कळलेला होता. मी स्वतः कळले, आणि ते फार महागात पडलं.

जळगावला पिंप्राळ्याच्या पुढे आमचा बाराशे फुटांचा प्लॉट होता. मी एका खासगी दवाखान्यात नर्स, बुद्धभूषण पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर. दोघांच्या पगारावर बँक चौदा लाख द्यायला तयार होती. पण बँक आधी विचारते, तुमचे स्वतःचे किती? आमच्याकडे प्लॉट घेतल्यानंतर उरलेली हौस तेवढी होती.

पैसे आईनं दिले. माझी आई भिकुबाई, धरणगावची. तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाचा भुगा गिळत तिनं मला शिकवलं. वडील गेल्यावर ती दोन पत्र्याच्या खोल्यांत एकटीच राहायची, आणि गुडघे पार गेले होते. बुद्धभूषणच म्हणाला, "आई, ते घर विका नि आमच्याकडेच या. खाली तुमची वेगळी खोली काढू. आत संडास, बसायचा, कमोडचा. कुठे वाकायला नको."

त्यानं वहीच्या पानावर खोली काढूनसुद्धा दाखवली, दहा बाय बारा. आई ते पान बराच वेळ धरून बसली. मग म्हणाली, "मी एकटी जीव. पोरना घरमा एक कोपरा भेटना ते बस."

घर साडेपाच लाखाला गेलं. आई दोन पिशव्या आणि बाबासाहेबांचा फोटो घेऊन आमच्या भाड्याच्या घरात आली.

बँकेतल्या बाईंनी खात्यावरचे साडेपाच लाख बघितले आणि म्हणाल्या, हे कर्जाऊ घेतलेले नाहीत, हे लिहून आणा. मजकूर त्यांनीच सांगितला. माझं अक्षर चांगलं, म्हणून कागद मी लिहिला. ही रक्कम मी मुलीला व जावयाला प्रेमापोटी भेट देत आहे, ती परत मागणार नाही, आणि या घरावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.

"वाची दाखाड बेटा, कागद कसाना शे?" आई म्हणाली.

मी वाचून दाखवला. शेवटचं वाक्य गाळलं. का गाळलं? म्हातारीला उगाच वाईट वाटेल, नुसती बँकेची औपचारिकता आहे, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटली. लाज वाटते ते काम करू नये, एवढी साधी गोष्ट माणसाला कळते, पण वळत नाही. आईनं सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली.

पायानंच आमचं दिवाळं काढलं. तिकडची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, तिच्यावर पाया ठेवला तर भिंतींना तडे ठरलेले. मुरूम लागेपर्यंत खणायलाच हवं. आधी एक खड्डा खणून बघा, असं शेजारच्या प्लॉटवाल्यानं सांगितलं होतं. पण आमचा ठेकेदार रुपचंद म्हणाला, "चार फुटावर मुरूम शे, मी लिही देस." लिहून काही दिलं नाही. आम्हीही मागितलं नाही, कारण तो बुद्धभूषणच्या गावचा. गावच्या माणसाकडे कागद कसा मागायचा? मुरूम लागला नऊ फुटावर. खड्ड्यांतच अडीच लाख जास्तीचे गेले.

तिथून घर आक्रसत गेलं. आधी माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीचा दर्जा उतरला. मग गच्चीचा कठडा राहिला. मग आईच्या खोलीतला संडास बाहेर गेला, जिन्याखाली. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चार पावलं चालू, पायांना व्यायाम. मी हसले. मला सुटल्यासारखं वाटलं.

स्लॅब टाकून झाला. बँकेचा शेवटचा हप्ता यायचा होता, पण प्लास्टर, वायरिंग, दारं यांना तो पुरणार नव्हता. महिन्याला कर्जाचे बारा हजार चारशे कापले जायचे आणि राहत्या घराचं भाडं सुरूच होतं. एका रविवारी बांधकामावर बुद्धभूषणनं आईच्या खोलीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर हात ठेवला.

"ही फोडू. शटर लावू. मेडिकलवाला सात हजार भाडं देतोय, वर पन्नास हजार डिपॉझिट."

"अहो, ही आईची खोली आहे."

"मग कुठून आणू पैसे? तूच सांग. आई हॉलमध्ये झोपतील, दिवाण घेऊ चांगला."

"तिच्या पैशावर पाया उभा राहिलाय तुमचा."

"आपला," तो म्हणाला. मग चिडला. "आणि हक्काचं काय बोलतेस? या घरावर माझा कोणताही हक्क राहणार नाही, असं आईंनीच लिहून दिलंय. तूच लिहिलंस ना तुझ्या हातानं?"

आई मागे उभी होती. मजुरांसाठी चहाची किटली घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. विचारलं असतं तर मी रडले असते, पाया पडले असते, सगळं बुद्धभूषणवर ढकललं असतं. तिनं कपांत चहा ओतला आणि मजुरांना हाक मारली.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी भांडले. खूप भांडले, ताटं आपटली. पण भिंत फोडू नका, असं मी शेवटपर्यंत म्हणाले नाही. कागदावरची बेरीज मीही केली होती. भांडण फक्त मला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

शटर बसलं. भंतेजी आले, वंदना झाली, खीर वाटली. आम्ही राहायला गेलो. मेडिकलवाला पुढच्या महिन्यापासून येणार होता, गाळा तोवर रिकामा. आठ दिवसांनी दुपारी मी कामावरून आले तर आई गाळ्यात खाली बसलेली. फरशी तिनं पुसून घेतली होती.

"मृणा, हाई खोलीनं भाडं कितलं येई?"

"सात हजार. का गं?"

"मी चार हजार देसु." ती हळू, नीट बोलत होती, मनाशी घोकून आल्यासारखी. "निराधारना दीड हजार येतस. बाकीना डाळ मिलमा निवडाले जासु, तठे बसीसनच काम शे. शटर ऱ्हाऊ दे, मी आतून पडदा लावसु. मले भाड्यानं दे."

माझ्या आईनं माझ्याकडे तिच्याच पैशाची खोली भाड्यानं मागितली. ऐकल्याबरोबर मी तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात आधी आकडे आले. सात उणे चार. तीन हजार कमी. आणि डिपॉझिटचे पन्नास हजार खिडक्यांच्या ग्रिलमध्ये गेलेसुद्धा, ते मेडिकलवाल्याला परत कुठून द्यायचे? दोन क्षणच गेले असतील. आई माझा चेहरा बघत होती, आणि माझा चेहरा तिच्याइतका कुणालाच वाचता येत नाही.

"ऱ्हाऊ दे बेटा," ती म्हणाली, "तुले परवडाव नही."

भिंतीला धरून ती उठली. मी हात पुढे केला, पण तोवर ती उभी राहिली होती.

आता ती हॉलमध्ये दिवाणावर झोपते. डाळ मिलला मात्र खरंच जाते, सकाळी नऊला, शेजारच्या प्रमिलाबाईंसोबत रिक्षानं. शनिवारी मजुरी मिळाली की घरी येऊन सगळी माझ्या हातावर ठेवते. नको म्हणायचं, असं मी दर शनिवारी ठरवते.

आणि घेते.