चार इनिंग कमी

या, मंडळी, पुढे सरका. मागे बसून डुलकी घेणाऱ्यांसाठी ही गोष्ट नाही. आयोवातल्या एका लुथरन चर्चच्या तळघरात घडलेली आहे, पण देव तळघरातही उतरतो, म्हणून सांगतो.

त्या तळघरात दर मार्चला दहा जण जमत आणि बेसबॉलचे खरेखुरे खेळाडू कागदावर आपापसात वाटून घेत. खेळाडूंना याचा पत्ता नसे. ते तिकडे मैदानात जे करतील त्याचे गुण इकडे खुर्चीतल्या माणसाला मिळत. हंगामाअखेर जो तळाला, त्याची खुर्ची जायची. रिकाम्या खुर्चीसाठी बाहेर मोठी रांग असे; गावचा दंतवैद्य सात वर्षं नंबर लावून होता.

अर्डिस हिन्रिक्सला बेसबॉलचं वेड कधीच नव्हतं. ते मर्लला, तिच्या नवऱ्याला. मर्ल जानेवारीत गेला आणि मार्चमध्ये ती त्याच्या खुर्चीत येऊन बसली. कारण साधं होतं. दर रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी क्रमवारी मोठ्याने वाचली जाई आणि त्यात 'मर्लची माणसं' हे टीमचं नाव येई. बाकी आठवडाभर ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं.

पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, निवडायची वेळ आली तेव्हा तिने प्रत्येकाबद्दल एकच चौकशी केली: हा वाकडेतिकडे चेंडू टाकून समोरच्याला किती वेळा फुकट पुढे जाऊ देतो? फुकट काही न देणारा, तो तिचा. असे नऊ निघाले. त्यांतले सात सामना संपत आला की येणारे, सामन्याच्या नऊ इनिंगांपैकी एक टाकून घरी जाणारे. काम आटोपून मुकाट्याने घरी जाणारी माणसं तिला पहिल्यापासून पसंत.

शेजारच्या खुर्चीतल्या ऑर्विन क्लूसमनने हॅमचं सँडविच खाली ठेवलं. "अर्डिस, अगं पिचर निवडतेस की जावई?"

"जावयाच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं," अर्डिस म्हणाली आणि आठवं नाव लिहिलं.

हंगाम गेला. तिच्या पिचरांनी कंजुषपणा इमानाने निभावला. रन देण्याची सरासरी दहा जणांत सर्वांत कमी, आणि गुण अशा नंबरावरच मिळत. फलंदाज मात्र तिने चेहरे बघून घेतले होते, त्यामुळे शेवटच्या रविवारी ती नववी होती आणि दहावा होता ऑर्विन, अर्ध्या गुणाने मागे. सरासरी बिघडू नये म्हणून तिने त्या दिवशी सगळ्या पिचरांना कागदावर बसवून ठेवलं होतं, म्हणजे त्यांनी मैदानात काहीही केलं तरी तिच्या खात्यात धरायचं नाही. शहाणे लोक असंच करतात, असं तिला पाद्रीबाबांनी सांगितलं होतं.

ऑर्विन कॉफीचा कप घेऊन आला आणि तिच्या शेजारी बसला. सव्वीस वर्षं तो त्या लीगमध्ये होता. मग म्हणाला, "तुझ्या इनिंग सातशे शहाण्णव झाल्यात. आठशे भरल्या नाहीत तर पिचरांचे सगळे गुण जातात."

अर्डिसने हिशोब केला. गुण गेले की ती दहावी, ऑर्विन नववा. "हे कुणाला माहीत आहे?"

"मला. नियम मीच लिहिलाय. वाचणाराही बहुतेक मी एकटाच."

"मग गप्प बसायचं होतंस."

"ठरवलं होतं तसं," ऑर्विन म्हणाला. "प्रार्थना जरा लांबली. बारा वाजता सामने सुरू होतात, लवकर काय ते कर."

तिचे सात कंजूष मिळून चार इनिंग टाकतील याचा भरवसा नव्हता, आणि उरलेल्या दोघांची त्या दिवशी पाळी नव्हती. कुणीच न घेतलेला, सामन्याच्या पहिल्या इनिंगपासून फेकणारा एक धिप्पाड पोरगा तेवढा मोकळा होता. फुकट वाटण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अर्डिसने त्याला घेतलं आणि दुपारभर रेडिओला कान लावून बसली. त्याने सहा जणांना फुकट सोडलं, पाच रन दिले आणि पाचव्या इनिंगमध्ये त्याला बाहेर काढलं. पण चार भरल्या होत्या. आठशेंमध्ये पाच रनांनी सरासरी जरा हलली, नंबर हलला नाही.

पुढच्या मार्चला 'मर्लची माणसं' हे नाव पुन्हा वाचलं गेलं. ऑर्विनच्या खुर्चीत दंतवैद्य बसला आणि पहिल्याच फेरीत त्याने जखमी पिचर घेतला. ऑर्विन वरच्या मजल्यावर स्तोत्रांची पुस्तकं रचून ठेवत होता.

तर मंडळी, उद्या सकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा ऑर्विन क्लूसमनची आठवण ठेवा. नाव आडनावासकट घ्या, त्या चर्चमध्ये ऑर्विन तिघे आहेत.