टिलव्यांचा चिखल

रिठदच्या गावतलावातला गाळ काढा म्हणून इंद्रभान सरांनी कचेरीचे उंबरठे झिजवले, तेव्हा गावानं त्यांची यथेच्छ थट्टा केली. रिटायर मास्तराला दुसरा उद्योग काय! पण सर हट्टी. उन्हाळ्यात पाण्यासाठी बायांचे होणारे हाल त्यांना बघवत नव्हते. शिवाय तलावात पाणी टिकलं तर आपले टिलवेही सुखात राहतील, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

टिलवे म्हणजे मुठीत मावतील एवढाली पाखरं. पार उत्तर ध्रुवाकडच्या गारठलेल्या माळावर अंडी घालायची, अन् हिवाळा काढायला रिठदला यायचं! सर रोज दुर्बीण घेऊन काठावर बसत. एप्रिलात तर त्यांना घर आठवत नसे. परतीच्या आधी टिलवे दिवसभर ओल्या चिखलात चोची खुपसून अळ्या टिपतात, अंगावर चरबी चढवतात. ती नसली, तर एवढा पल्ला उडायचा कशाच्या बळावर?

यंदा ऐन एप्रिलात जेसीबी आला. काठाचा मऊ गाळ शेताला चांगला, म्हणून ट्रॅक्टर आधी काठालाच भिडले. सर धावले.

"अरे, काठ राहू द्या! पाखरं जाऊ द्या, मग खोदा!"

सरपंच नरेंद्र हसला. "सर, तुमीच तर मशीन आणली! आता पाखरायसाठी काहून थांबवता? पाऊस लागाच्या पयले काम झालं पायजे."

सर बाजूला सरले. त्याचं काय चुकलं? इतकी वर्षं काठावर बसून खोदाई आधी कुठं लागेल एवढं आपल्याला सुचू नये? कुठं शेण खायला गेली होती अक्कल!

टिलवे उघड्या मुरमावर चोची आपटत राहिले. सरांनी बादलीनं ओला गाळ आणून पसरला. एकही पाखरू फिरकलं नाही.

"काय करून राह्यले तुमी? लोक हासून राह्यले," बायको रत्नमाला म्हणाली.

"त्यायच्या पुढचं ताट म्या ओढलं, रत्नमाला."

काम संपलं. गावानं तलावावरच सरांचा सत्कार ठेवला. माइकच्या आवाजानं थवा उठला, अन् पाण्यालगत, रडतखडत उत्तरेला निघाला. हे पोचत नाहीत, सरांना कळून चुकलं. एक टिलवा काठावरच धापा टाकत पडला होता. सरांनी उचलला, तर छातीचं हाड नुसतं बोटाला टोचलं.

नरेंद्रनं शाल पांघरली. "सर, दोन शब्द बोला!"

शालीखाली टिलवा मुठीतच गार झाला होता.

"पाणी... भरपूर राहीन आता," सर कसेबसे म्हणाले.

लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.